एकतीस नंबरची पापणी

बस थांबली मेंढ्यांमुळे आणि जंतूबाई खाली उतरली लेंड्यांमुळे.

हसा, हसून घ्या! प्रेमकथा अशी सुरू होते का, असं तुम्ही म्हणणार हे मला माहीतच होतं. गुलाब हवा, खिडकी हवी, निदान हातातून वह्या तरी पडायला हव्यात... पण ही जशी सुरू झाली तशीच सांगायची ना?

तर रस्ताभर मेंढ्या होत्या. ओल्या, पांढुरक्या, एकमेकींना ढुश्या देत चाललेल्या. ड्रायव्हरने हॉर्न वाजवून वाजवून शेवटी हात टेकले आणि गाडी बंद केली. बाहेर भुरभुर पाऊस चालू होता. बसमधले सगळे वैतागले, फक्त एकीचे डोळे चमकले. तीच आपली जंतूबाई! वय पंचवीस, वेणी कायम अर्धी सुटलेली, खांद्यावरच्या पिशवीत हातमोजे आणि प्लास्टिकच्या छोट्या पिशव्या. जनावरांच्या रोगांवर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळेत तिचं दुसरं वर्ष चालू होतं. विषय? मेंढ्यांच्या पोटातले जंत. हे नाव तिला दादाने, म्हणजे तिच्या मोठ्या भावाने, चिडवायला ठेवलं होतं. ती चिडली नाही, म्हणून ते कायमचं चिकटलं.

ती उतरली, हातमोजा चढवला आणि भर रस्त्यात उकिडवी बसून लेंड्या गोळा करू लागली.

"ओ मॅडम! काही पडलं का तुमचं?"

तिने मान वर केली. समोर चिखलाने माखलेले बूट, मग काठी, मग बऱ्याच वर एक हसू दाबणारा चेहरा... टोपीच्या कडेवरून थेंब ओघळत होते.

"माझं नाही. तुमच्या मेंढीचं पडलंय. ते उचलतेय."

"खत हवंय का? मग मेंढवाड्यावर या, पोतं भरून देतो. असं वेचून वेचून कुंडी कधी भरायची?"

"खत नकोय मला. मला ताज्या हव्यात. आणि कुणाच्या तेही कळायला हवं. आता ही कोणाची?"

त्याने नुसतं एकदा खाली पाहिलं, एकदा कळपाकडे. "ती बघा, डाव्या बाजूला, कान वाकडा. बिल्ला नंबर एकतीस. नाव ठमी."

"दोनशे मेंढ्यांत... बघितल्या बघितल्या कसं सांगितलंत?"

"आत्ताच माझ्या समोरून गेली ना. आणि माझी आहे ती." तो इतक्या साधेपणाने म्हणाला की जंतूबाई पिशवीला गाठ मारायचीच विसरली.

त्याने दोन सुरांची शीळ घातली. सगळा कळप थबकला आणि ठमी मात्र वळून त्याच्याकडे आली. जंतूबाईने तिचं तोंड हळूच धरलं आणि अंगठ्याने डोळ्याची खालची पापणी ओढली. खिशातून एक कार्ड काढलं. त्यावर रंगांचे पाच चौकोन. पहिला लालभडक, मग फिकट, अजून फिकट, पाचवा जवळजवळ पांढरा.

"तिसरा," ती म्हणाली. तिचा आवाज एकदम बदलला होता, मऊ झाला होता. "हिच्या पोटात जंत आहेत. रक्त पितात ते. पापणी आतून फिकी पडत जाते. चौथ्या रंगावर गेली की धोका आणि पाचव्यावर..."

"पाचव्यावर काय होतं ते माहितेय मला." त्याचं हसू मावळलं. "गेल्या महिन्यात तीन गेल्या. औषध देतो हो मी! दर दोन महिन्यांनी, सगळ्यांना, न चुकता."

"म्हणूनच."

"म्हणूनच काय?"

"सगळ्यांना, सारखं सारखं एकच औषध दिलं की साधे जंत मरतात आणि उरतात ते पहिलवान. मग पुढे त्या पहिलवानांचीच पोरं! ती तुमच्या औषधाला भीक घालत नाहीत."

बसवाल्याने हॉर्न दिला. जंतूबाईने पिशवीवर '३१' लिहिलं आणि निघाली.

"मॅडम," त्याने मागून विचारलं, "मेंढीच्या डोळ्यात बघून सगळं कळतं तुम्हाला. माणसाच्या?"

"माणसांचे रंग नाहीत माझ्या कार्डावर!" ती म्हणाली आणि धावत बसमध्ये चढली. तिचे स्वतःचे गाल मात्र पहिल्या चौकोनाच्याही पलीकडे गेले होते.

*

प्रयोगशाळेत तिच्या टेबलावर एक तराजू, मिठाचं दाट पाणी, चहाची गाळणी (हो, तीच, स्वयंपाकघरातली!) आणि सूक्ष्मदर्शक. लेंडी मोजून घ्यायची, मिठाच्या पाण्यात कुस्करायची, गाळायची. जंतांची अंडी हलकी, ती वर तरंगतात. मग काचेच्या पट्टीवर आखलेल्या रेघांमधून एकेक अंडं मोजायचं. एक, दोन, तीन... डोळे भरून येईपर्यंत. लोक तारे मोजतात त्याचं कौतुक होतं, आणि जंतूबाई हे मोजते त्याला सगळे नाक मुरडतात. मला तर हेच जास्त भारी वाटतं. तारे मोजून आजवर एकही मेंढी वाचलेली नाही.

ठमीच्या लेंडीत इतकी अंडी निघाली की ती धावत मोठ्या मॅडमकडे गेली. मोठ्या मॅडम म्हणजे तिच्या मार्गदर्शक. केस पांढरे, आवाज करडा, आणि सगळ्या जगाला 'बाळ' म्हणायची सवय.

"कळप चांगला आहे, बाळ," मॅडम आकडे बघून म्हणाल्या. "मालक कसा आहे?"

"उंच," जंतूबाई म्हणाली. मग घाईघाईने, "म्हणजे... प्रामाणिक वाटतो."

मॅडमनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "उंचीचा उपयोग नाही. प्रामाणिकपणाचा आहे."

मालकाला विचारलं, तो लगेच तयार झाला आणि प्रयोग ठरला. चाळीस मेंढ्या. विसांना नेहमीचं औषध, विसांना नुसतं पाणी. कुणाला काय, याची यादी मॅडमनी थेट मालकाकडे पाठवली आणि तिची एक प्रत बंद पाकिटात घालून स्वतःजवळ ठेवली. तो आणि त्याची ताई मिळून डोस देणार. जंतूबाईला काहीही कळता कामा नये, नाहीतर मोजताना मन नकळत एका बाजूला झुकतं. चौदा दिवसांनी पुन्हा लेंड्या गोळा करून अंडी मोजायची. अंडी संपली तर औषध चालतं, नाहीतर ते औषध मेलं. आणि ते मेलं असेल तर आसपासच्या सगळ्या कळपांना वेळेवर सांगायला हवं. एवढं मोठं काम! शिवाय याच कामावर जंतूबाईचं वर्ष अवलंबून होतं.

मॅडमनी नियम घातले. रोज सकाळी मालकाने कार्ड लावून चाळीस पापण्या बघायच्या. कुठल्याही मेंढीचा रंग चौथ्यावर गेला की त्या क्षणी फोन. ती मेंढी प्रयोगातून बाहेर काढून तिच्यावर उपचार करायचे, मग ती कुठल्याही गटात असो. "प्रयोग मेंढीसाठी आहे, मेंढी प्रयोगासाठी नाही," मॅडमनी बजावलं. आणि रोज संध्याकाळी सातला मालकाने जंतूबाईला फोन करून फक्त दोन शब्द सांगायचे. सगळं ठीक. मेंढ्यांबद्दल त्यापलीकडे एक अक्षर बोलायचं नाही!

पहिल्या दिवशी सातला फोन वाजला.

"सगळं ठीक."

"बरं."

"..."

"..."

"मग... ठेवू?"

"ठेवा."

कुणीच ठेवला नाही.

"तिकडे पाऊस आहे?" त्याने विचारलं.

"आहे. तुमच्याकडे?"

"आहे. म्हणजे एकच पाऊस दोन्हीकडे."

आता सांगा, मेंढ्यांवर बोलायला बंदी असलेली दोन माणसं चौदा संध्याकाळी काय बोलतील? सगळं बोलतील! दुसऱ्या दिवशी तिला कळलं की तो कॉलेज सोडून आला होता, वडील अंथरुणाला खिळले म्हणून, आणि नंतर परत जावंसं वाटलंच नाही. तिसऱ्या दिवशी त्याला कळलं की ती सूक्ष्मदर्शकाशी बोलते. पाचव्या दिवशी मागून त्याच्या ताईचा आवाज आला, "अरे, दोन शब्द सांगायला अर्धा तास लागतो का रे तुला?" आणि सहाव्या दिवशी...

"तुम्हाला घरी जंतूबाई म्हणतात?"

"कोणी सांगितलं?"

"काल तुमच्या मागून कुणीतरी ओरडलं, जंतूबाई, जेवायला चल!"

"दादा! मी त्याला सोडणार नाही आता!"

"चांगलं आहे की. मला गावात शिट्टी म्हणतात."

"शिट्टी आणि जंतू," ती हसत सुटली. "काय जोडी आहे!"

जोडी हा शब्द तारेवरच्या पाखरासारखा मध्येच बसून राहिला, ना इकडे उडेना, ना तिकडे.

आठव्या दिवशी मात्र ती बोलून गेली. तिला वाढवून बोलायची सवय होती. भूक लागली की ती 'मरते', उशीर झाला की 'संपते'. "तुम्हाला सांगते, झोप नाही मला! या चाळिसातली एक जरी गळली ना, तर माझं संपलंच. अख्खं वर्ष पाण्यात!"

पलीकडे काठी भिंतीला टेकवल्याचा आवाज आला.

"एक जरी?" त्याने विचारलं.

"एक जरी!" ती म्हणाली आणि दुसऱ्या मिनिटाला विसरूनही गेली.

नवव्या दिवशी फोन आला. "सगळं ठीक." आणि... ठेवला. दहाव्या दिवशीही तसंच. अकराव्या दिवशी तिने "पाऊस आहे का?" विचारलं तर म्हणाला, "आहे." फक्त एवढंच.

जंतूबाईने रात्रभर आपण काय चुकीचं बोललो ते आठवून पाहिलं. शंभर गोष्टी सापडल्या. खरी ती सोडून.

*

चौदाव्या दिवशी ती मेंढवाड्यावर गेली. गवताच्या पात्यांवर पाणी होतं, हवेत ओल्या लोकरीचा वास होता. ताईने चहा दिला आणि भावाकडे असं पाहिलं की जणू आता ती त्याचा कानच धरणार आहे. तो मेंढ्या धरून देत होता, ती पापण्या बघून पिशव्या भरत होती. त्याने एकदाही शीळ घातली नाही. एकतीस नंबरची पापणी तिसऱ्या चौकोनावर होती. तिने लिहून घेतलं. ठमीला सोडताना त्याचा हात तिच्या हाताला लागला आणि त्याने चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"काही झालंय का?" तिने विचारलं.

"मेंढ्यांबद्दल बोलायचं नाहीये ना," तो खाली बघत म्हणाला.

बसमध्ये बसल्यावर तिने ठरवलं की आपल्याला काहीही फरक पडत नाही. पुढचे तीन थांबे ती हेच ठरवत होती.

दुसऱ्या दिवशी मोजणी झाली. एकोणचाळीस पिशव्या संपल्या... आणि शेवटची राहिली एकतीस नंबरची. तिने डोळा लावला. रेघा स्वच्छ होत्या. पट्टी हलवली. काही नाही. दुसरी पट्टी केली, तिसरी केली. शून्य. पापणी फिकी आणि अंडी शून्य? आजूबाजूच्या मेंढ्यांच्या लेंड्यांत ढीगभर अंडी आणि हिच्यात एकही नाही?

"असं कसं गं?" ती सूक्ष्मदर्शकाला म्हणाली.

"शून्य आलं असेल ना?"

ती दचकून वळली. दारात तो उभा होता. इस्त्रीचा शर्ट, हातात टोपी, काखेत वही. बुटांवरचा चिखल पायपुसण्यावर अगदी घासून घासून काढलेला.

"तुम्ही? तुम्हाला कसं कळलं... थांबा, मला काही सांगू नका! पाकीट अजून उघडलेलं नाही!"

"सांगायलाच दोन तास बसने आलोय, मॅडम. पाकीट उघडायच्या आधी." त्याने वही टेबलावर ठेवली. "वाचा."

तिनेच त्याला आखून दिलेली वही होती ती. रोजची तारीख, चाळीस नंबर, चाळीस रंग. नवव्या दिवसासमोर बारीक, सरळ अक्षरात लिहिलं होतं. 'सकाळी सात. ३१, चौथा रंग. हिला पाणी मिळालं होतं. जनावरांच्या डॉक्टरांना विचारून दुसऱ्या जातीचं औषध दिलं. बाटली जपून ठेवली आहे. फोन केला नाही. चूक माझी.'

जंतूबाईने दोनदा वाचलं. मग तिचा पारा चढला.

"फोन का नाही केला? नियम तेवढ्याचसाठी होता!"

"फोन केला असता तर ती प्रयोगातून गळली असती."

"मग गळू द्यायची!"

"तुम्हीच म्हणालात. एक जरी गळली तर वर्ष पाण्यात." तो टोपी हातात फिरवत होता. "ठमीला मरू देणं मला जमणार नव्हतं. आणि तुमचं वर्ष बुडवणंही... जमत नव्हतं. म्हटलं, गुपचूप दोन्ही वाचवू. पण मग रोज सातला 'सगळं ठीक' म्हणणं जड जायला लागलं. तुम्ही एवढ्या एकेक अंडं मोजता... आणि मी त्यात खोटं मिसळलेलं."

जंतूबाईने वहीत आठव्या दिवसाची तारीख शोधली. म्हणजे हे तिच्यामुळे? तिच्या त्या 'मरते' आणि 'संपते' मुळे? तिच्या बडबडीतला एक शब्द कुणीतरी इतका खरा धरला होता...

"मी वाढवून बोलले होते हो," ती पुटपुटली. "मला... सवय आहे."

"मला खरं वाटलं. तुमचं सगळंच खरं वाटतं मला."

तो वळला आणि निघून गेला. ती तशीच उभी, एका हातात मोजा, एका हातात वही.

मोठ्या मॅडमनी वही वाचली. एक मिनिट लागलं, पण ते एक वर्षाएवढं वाटलं. (बघा, मलाही वाढवून बोलायची सवय आहे.)

"एकतीस नंबर काढून टाक," त्या म्हणाल्या, "आणि का काढली ते अहवालात स्पष्ट लिही. उरलेल्या एकोणचाळीस पुरतात."

"म्हणजे वर्ष वाया नाही जाणार?"

"एका मेंढीने वर्ष वाया जात असतं ना बाळ, तर मी अजून पहिल्याच वर्षाला असते." त्यांनी पाकीट उघडलं, आकडे जुळवले आणि मान हलवली. औषध मिळालेल्या मेंढ्यांतही अंडी जेमतेम निम्मी झाली होती. जुनं औषध मेलं होतं. हे आता ठामपणे सांगता येणार होतं. "आणि हे दुसऱ्या जातीचं औषध. एका मेंढीवरून काही सिद्ध होत नाही, पण पुढचा प्रश्न मात्र मिळाला." वही मिटून त्या जरा थांबल्या. "माझ्या तीस वर्षांत, बाळ, आकडे लपवणारे खूप पाहिले. आकडा सांगायला दोन तास बसने येणारा पहिलाच. अजून इथेच उभी का आहेस?"

*

ती पळाली. पांढरा कोट अंगात, हातमोजा एकाच हातात, वेणी पूर्ण सुटलेली. भुरभुर चालूच होती. थांब्यावर बस हलायच्या बेतात होती आणि ती दोन्ही हात पसरून तिच्या पुढ्यात उभी राहिली. मेंढ्यांनी थांबवली होती तशीच!

"ताई, चढायचंय की जीव द्यायचाय?" ड्रायव्हर ओरडला.

"चढायचंय!"

तो खिडकीशी बसला होता. ती धापा टाकत शेजारी बसली. सगळी बस बघत होती.

"माझं वर्ष गेलेलं नाही," ती म्हणाली. "वाढवून नाही सांगत. ठमी यादीतून बाहेर आणि कारण लिहायचं. बस, एवढंच. जुनं औषध चालत नाही हे कळलंय. आता फक्त फिक्या पापण्यांच्या मेंढ्यांनाच औषध द्यायचं, बाकीच्यांना नाही. तुम्हाला दर पंधरा दिवसांनी चाळीस नाही, दोनशे पापण्या बघाव्या लागतील."

"बघेन." त्याच्या खांद्यावरचं ओझं उतरताना दिसलं, अगदी डोळ्यांना दिसलं. मग त्याने हळूच विचारलं, "कारण काय लिहिणार?"

"मालकाने न कळवता उपचार केले."

"खरं आहे."

"अर्धंच. मालकाला एकीचा जीव आणि दुसरीचं वर्ष, दोन्ही वाचवायचं होतं, हे लिहायला अहवालात रकानाच नाही." ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "पण पुन्हा माझ्याशी खोटं 'सगळं ठीक' बोललात ना, तर..."

"तर मरशील?"

मरशील. तुम्ही नाही, मॅडम नाही. त्याचं त्यालाच कळलं आणि तो गोंधळून टोपी चुरगळू लागला.

"नाही," ती म्हणाली. "तर खूप वाईट वाटेल मला. बरोबर एवढंच."

बस वळणावर कलली. काचेवरून पाणी तिरपं धावलं. तिने कोटाच्या खिशात हात घातला आणि ते कार्ड बाहेर काढलं. पाच चौकोनांचं.

"इकडे बघ," ती म्हणाली.

"माणसांचे रंग नाहीत ना त्यावर?"

"बघ तर!"

त्याने मान वळवली. तिने मोजा नसलेल्या हाताच्या अंगठ्याने त्याची खालची पापणी अलगद ओढली आणि कार्ड गालाशी धरलं. मागच्या बाकावरच्या बाई पुढे वाकून बघू लागल्या.

"पहिला रंग," तिने निकाल दिला. "ठणठणीत."

"म्हणजे औषध नको?"

"नको. पण तपासणी लागेल. नियमित."

"किती दिवस?"

"ते अजून ठरलेलं नाही. अभ्यास मोठा आहे." तिने हात काढला, पण फार लांब नेला नाही. "बरं, बंदी उठली आता. मेंढ्यांबद्दल काय हवं ते बोल. ठमी कशी आहे?"

तो हसला. पहिल्या दिवशी दाबलेलं ते हसू आज सगळंच्या सगळं बाहेर आलं. तिच्या घराचा थांबा केव्हाच मागे पडला होता, त्याचा अजून खूप लांब होता, आणि घड्याळात अजून सातही वाजले नव्हते.

"ठमी ठीक आहे," तो म्हणाला. "मेंढ्यांबद्दल एवढंच. आता बाकीचं बोलूया?"